घरचंच तर खाते मी!

आमच्याकडे महिन्याला सहा लिटर तेल लागायचं. माणसं पाच. मी, नवरा, दोन मुलं आणि सासूबाई. हा आकडा मला २०२२ च्या जानेवारीपर्यंत माहीतच नव्हता. आणि मी काम काय करते, तर सीएच्या ऑफिसात लोकांची खाती लिहिते! म्हणजे कुठल्या दुकानात चहापाण्यावर महिन्याला किती गेले ते मी पैशासकट सांगणार आणि स्वतःच्या ओट्याखालच्या डब्याचा हिशोब शून्य.

त्या जानेवारीत माझं वजन भरलं ७४. उंची पाच फूट दोन इंच. लॉकडाऊनमध्ये सगळ्यांचंच वाढलं होतं, माझंही वाढलं असं मी दीड वर्ष सांगत फिरले, पण लॉकडाऊन संपून ऑफिस सुरू झालं तरी काटा काही खाली येईना. डॉक्टरांनी शुगर बॉर्डरला आहे म्हटल्यावर मी त्यांना एकदम निरागसपणे म्हणाले, अहो डॉक्टर पण मी बाहेरचं फारसं खातच नाही हो, घरचंच तर खाते मी! त्यांनी चष्म्यावरून बघितलं फक्त. बहुतेक रोज दहा बायका हेच वाक्य म्हणत असणार.

तर ही पोस्ट त्या वाक्याबद्दल आहे. कारण आज माझं वजन ६१ ते ६४ च्या मध्ये कुठेतरी असतं, २०२३ च्या दिवाळीआधी पहिल्यांदा ६२ ला पोचले आणि तेव्हापासून तिथेच आसपास आहे, आणि या सगळ्या काळात मी मिसळ सोडली नाही, बट्ट्या सोडल्या नाहीत, जिलबी सोडली नाही. लोक विचारतात कसं काय, तर खरं उत्तर एवढं लांबलचक आहे की समोरचा माणूस ऐकता ऐकता दुसऱ्याशी बोलायला लागतो. म्हणून इथे लिहितेय.

आधी थोडा इतिहास. याआधी मी वजन कमी केलं नव्हतं असं नाही, भरपूर वेळा केलंय, आणि तेवढ्याच वेळा परत आणलंय. २०१८-१९ मध्ये आख्ख्या महाराष्ट्रात दीक्षित की दिवेकर, म्हणजे डॉ. जगन्नाथ दीक्षितांचं डाएट की ऋजुता दिवेकरांचं, हे चालू होतं आठवतंय ना, लग्नात पंगतीला बसलं तरी शेजारचा विचारायचा तुम्ही कोणत्या पार्टीचे. आमच्या बिल्डिंगमध्ये तर सरळ दोन गट पडले होते. मी आधी दीक्षितांचं दोन वेळचं जेवण केलं, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आत संपवायचं, चार महिन्यांत सहा किलो उतरले. पण मी काय करायचे, त्या ५५ मिनिटांचा अर्थ माझ्या सोयीने लावायचे, ५५ मिनिटं आहेत ना मग ५४ व्या मिनिटाला पण एक लाडू. मग दिवेकरांचं ऐकलं, त्यातलं तूप खा एवढंच नेमकं ऐकलं, बाकीचं कानावरून गेलं. दोघांचाही काही दोष नाही, ज्यांना जमलं त्यांना जमलं, आमच्या वरच्या मजल्यावरचे काका अजून दोनच वेळा जेवतात आणि खडखडीत आहेत.

नंतर एका डाएटिशियनकडे पैसे भरून चार्ट आणला. त्यात ब्रोकोली, किन्वा, ऑलिव्ह ऑइल, आणि रात्री सूप. माझं माहेर जळगावचं. जिच्या अंगात शेवभाजी आणि भरीत आहे तिला रात्री आठ वाजता भोपळ्याचं सूप दिलं तर ती साडेदहाला फ्रीजसमोर उभी सापडणार, हे सांगायला डिग्री लागत नाही. सतरा दिवस टिकले.

तर २०२२ ला मी ठरवलं की आता डाएट नाही, आधी नुसतं लिहून काढू. ऑफिसात आमच्याकडे पेटी कॅशचं रजिस्टर असतं, किरकोळ खर्चाचं. मोठे खर्च सगळ्यांना पाठ असतात, भाडं, पगार, लाइटबिल. पण वर्षाच्या शेवटी मालक डोक्याला हात लावतो तो किरकोळवर. तसंच एक रजिस्टर मी स्वयंपाकघरात ठेवलं, पंधरा दिवस, तोंडात जे जाईल ते लिहायचं. कमी-जास्त काही करायचं नाही, फक्त लिहायचं.

पंधरा दिवसांत बाहेरचं खाणं झालं तीनदा. एकदा रविवारची मिसळ, एकदा एक लग्न, एकदा पोरांच्या हट्टासाठी पंजाबी. तिन्ही वेळा दाबून खाल्लं. प्रत्येक वेळी नेहमीच्या जेवणापेक्षा आठशे कॅलरी जास्त गेल्या असं धरलं तरी २,४०० झाल्या, पंधरा दिवसांवर वाटल्या तर रोजच्या १६०.

आणि घरचं? चार कप चहा, प्रत्येकी दोन चमचे साखर, झाल्या दीडशे. संध्याकाळच्या चहाबरोबर दोन खारी नाहीतर टोस्ट, अजून दीडशेच्या घरात. स्वयंपाक करताना डब्यातून मूठभर शेव, ती तर मी खाल्ली हे मला लिहायला लागेपर्यंत माहीतच नव्हतं, मूठ म्हणजे तीस ग्रॅम, साधारण १६०. आणि रात्री सगळ्यांची जेवणं झाल्यावर कढईच्या तळाशी राहिलेली भाजी, लेकाने टाकलेली अर्धी पोळी, वाटीभर भात जो फ्रीजमध्ये ठेवण्याइतका नाही आणि टाकवत पण नाही. अजून दीडशे तरी. रोजचे सहाशे झाले! आणि यातलं काहीही मी जेवण म्हणून जेवले नव्हते. त्यातल्या एकाही घासाची चव मला आठवत नव्हती. मिसळीची तर्री आठवत होती, लग्नातला मठ्ठा आठवत होता, पण त्या सहाशे कॅलरींचं एक चित्र डोळ्यासमोर येईना.

दोष मात्र कुणाला लागला होता इतकी वर्षं, तर मिसळीला.

मग आलं तेल. मी तेलाच्या किटलीवर मार्करने खुणा केल्या. सासूबाईंना ते अजिबात आवडलं नाही. दुसऱ्या दिवशी बघते तर तेल दोन खुणा खाली.
"आई, एवढं तेल कुठे गेलं?"
"भाजीत गेलं, आणखी कुठे जाणार! मी काय पिते की काय?"
पण मुद्दा तोच होता ना, ते आम्ही सगळेच पीत होतो. सहा लिटर भागिले पाच माणसं भागिले तीस दिवस, माणशी रोज चाळीस मिली. एका ग्रॅम तेलात नऊ कॅलरी, पिठाच्या किंवा साखरेच्या एका ग्रॅममध्ये चार. म्हणजे चमचाभर तेल चमचाभर साखरेच्या दुपटीहून जास्त, आणि साखरेला आपण भितो, तेलाला नाही. हैदराबादच्या पोषण संस्थेने, म्हणजे एनआयएनने, २०२४ मध्ये आहाराची जी नवीन मार्गदर्शक तत्त्वं काढली त्यात दोन हजार कॅलरीच्या दिवसाला तेल-तूप मिळून २७ ग्रॅम दिलंय. आमचं नुसतं तेलच ३६ ग्रॅम, तूप वेगळंच. आणि ते पण तळण न करता हं. नुसत्या फोडण्या!

एक भाजी एक फोडणी, वरणाला वरून फोडणी, कोशिंबिरीला फोडणी, परत ठेच्यावर कडकडीत तेल. पोळीला तेल लावून घडी, भाजताना तेल. आमच्या खानदेशात तर भाजीवर तवंग दिसला नाही तर सुनेला भाजी येत नाही म्हणतात. मी काही तेल बंद केलं नाही. फोडणीच्या पळीऐवजी मोजायचा चमचा आणला, पाच जणांच्या भाजीला तीन चमचे, आधी दोन पळ्या जायचं. वरणाची फोडणी अर्धी. पोळीला घडीत पिठी, तेल फक्त वरून. आता महिन्याला चार लिटर लागतं. म्हणजे माणशी रोजच्या जवळजवळ ११० कॅलरी नुसत्या चमचा बदलून गेल्या, आणि गंमत म्हणजे नवऱ्याला दोन महिने कळलंच नाही. कळलं ते किराण्याच्या बिलावरून.

कूट हा अजून एक छुपा माणूस. शेंगदाण्याचं कूट आपण कशात घालत नाही सांगा, काकडीत, मेथीत, आमटीत, वांग्यात. चांगलंच आहे ते, प्रोटीन आहे वगैरे, पण शंभर ग्रॅममध्ये साडेपाचशेच्या वर कॅलरी असतात आणि ते आपण मुठीने टाकतो. आणि उपवासाचं तर विचारूच नका. एकादशी अन् दुप्पट खाशी हे काय उगाच म्हणत नाहीत. माझी प्लेट मोजली एकदा, शंभर ग्रॅम साबुदाणा कोरडा, तो जवळजवळ सगळा स्टार्च, साडेतीनशे कॅलरी, त्यात चाळीस ग्रॅम कूट, सव्वादोनशे, दोन चमचे तूप, नव्वद. बटाटा धरलाच नाही. साडेसहाशेच्या वर गेली, आणि याला आम्ही उपास म्हणतो आणि रात्री परत तोच उपास. आता खिचडी करतेच, पण उपासाला म्हणून नाही, खिचडी खावीशी वाटली म्हणून, आणि तेव्हा तेच जेवण असतं.

आता बाहेरच्या खाण्याकडे येते, कारण सगळ्यांना तेच ऐकायचं असतं.

नाशकात राहून रविवारी मिसळ खायची नाही म्हणजे पंढरपुरात राहून देवळात जायचं नाही असं झालं. साधनाची चुलीवरची मिसळ असो नाहीतर गंगापूर रोडच्या बाजूची ती मळ्यातली झाडाखाली खाटा टाकलेली ठिकाणं, सकाळी नऊला गेलं की आख्खं नाशिक तिथे. मटकी, रस्सा वेगळा, पापड, दही, कांदा-लिंबू, पाव, आणि वर जिलबी. मी आधी काय करायचे माहितेय का, अकरा वाजता मिसळ हाणून घरी यायचो आणि दोन वाजता परत रविवारचं साग्रसंगीत जेवण, कारण आईंनी केलेलं असायचं आणि त्यांना वाईट वाटेल. म्हणजे मिसळ ही जेवणाच्या ऐवजी नव्हतीच कधी, ती जेवणावर होती. आम्ही तिला नाश्ता म्हणायचो!

आता मिसळ म्हणजे दुपारचं जेवण, विषय संपला. आईंना पण आम्ही गाडीत घालून नेतो, त्यांनाच जास्त आवडते ती, पापड दोन घेतात. रस्सा लागेल तेवढा घेते मी, तर्री पहिल्या वाटीला हवीच, दुसऱ्या वाटीला नुसता रस्सा. पाव दोन. आणि मटकीची उसळ मात्र परत मागून घेते, ती सगळे विसरतात, पोट तिनेच भरतं खरंतर. जिलबी एक वेढा. एकच वेढा खाऊन थांबणारी मी कोणी संत नाहीये, पण प्लेट मधे ठेवायची आणि पाच जणांत एकच मागवायची, मुलगा आणि मुलगी मिळून ती कशी संपवतात बघत बसायचं.

हॉटेलात जायचं तर माझा एकच नियम आहे, घरी जे होतं ते बाहेर मागवायचं नाही. जिरा राइस-दाल फ्राय, व्हेज पुलाव, साधा सँडविच, याला मी पैसे आणि कॅलरी दोन्ही का घालवू? त्याऐवजी एखादा पातळ कुरकुरीत डोसा, तंदूरमधली रोटी, ढाब्यावरची शेवभाजी, जे माझ्या गॅसवर तसं होतच नाही ते. मग त्यात काटकसर नाही. पण त्याच्या आजूबाजूला जे येतं ना, मसाला पापड, मंचुरियन कोरडं, कोल्ड्रिंक, भूक लागलीय म्हणून घाईघाईत मागवलेलं, तिथे खरी मेख आहे. मेन कोर्स येईपर्यंत पोट भरलेलं असतं आणि मग "एवढे पैसे दिलेत, संपवा." हे म्हणजे लग्नात आहेराच्या रांगेतच दमून जाणं. म्हणून मी निघायच्या आधी घरी एक केळं नाहीतर ताक घेते. जळगावकर म्हणून केळ्याचा प्रचार करतेय असं नाही, पण करतेय.

एका ठिकाणी मी वेटरला म्हटलं होतं की भाजीत तेल कमी घाला, तर तो मान डोलावून गेला आणि पनीरवर नेहमीपेक्षा जास्तच बटर तरंगत होतं, वर मलईची नक्षी. तेव्हापासून सांगणं सोडलं. हॉटेलवाल्याचं काम आपल्याला खूश करणं आहे, आपलं वजन सांभाळणं त्याचं काम नाही. मी वाटीत काढतानाच तळाची भाजी काढते आणि वरचा तवंग तसाच ठेवते भांड्यात. बिर्याणी असेल तर आल्याआल्या अर्धी डब्यात. आधी लाज वाटायची डबा न्यायला, आता पर्समध्येच असतो.

सगळ्यात अवघड बाहेरचं खाणं हे हॉटेलचं नाहीच, ते नातेवाइकांचं आहे. हॉटेलात कोणी आग्रह करत नाही. जळगावला आत्याकडे गेले की ताटात पडायच्या आतच "घे वं माय, एवढ्यानं काय होतंय" आणि नाही म्हटलं की "नाशिकची झाली आता ही." यावर मला एकच उपाय सापडलाय, पहिल्यांदा कमी वाढून घ्यायचं आणि दुसऱ्यांदा स्वतःहून मागायचं. मागितलं की वाढणारीचा चेहरा असा फुलतो की तिसऱ्यांदा ती विसरून जाते. नाही म्हणत राहिलं की ती पेटते.

आता वरण-बट्टी. याच्याबद्दल वेगळं लिहायलाच हवं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, खानदेशातली बट्टी म्हणजे राजस्थानी बाटीची चुलत बहीण. गहू जाडसर दळून आणायचे, थोडा मका त्यात, ओवा, हळद, मीठ, तेलाचं कडकडीत मोहन. घट्ट मळून गोळे करायचे, ते वाफवायचे किंवा उकळत्या पाण्यात शिजवायचे, गार झाले की कापायचे आणि तळायचे. बाहेरून खुसखुशीत, आत मऊ रवाळ. ताटात कुस्करायची, वर तुरीचं घट्ट वरण, त्यावर तूप, आणि शेजारी वांग्याची घोटलेली भाजी. पहिल्या घासाला माणूस बोलत नाही. आमच्या माहेरी तर बट्टीच्या दिवशी दुपारी कुणाचा फोनही उचलत नाहीत.

तर मध्ये एकदा उत्साहात येऊन मी बट्ट्या एअर फ्रायरमध्ये केल्या. काय सांगू. दिसायला छान सोनेरी, आणि चावायला गेलं तर रस्त्याच्या कामावरची खडी. लेक म्हणाली आई याने आपण दार ठोठावू शकतो. पाचही जणांनी निमूट खाल्ल्या, त्यातही गंमत बघा, बरं वाटलं नाही म्हणून संध्याकाळी सगळ्यांनी वेफर्स आणि आइस्क्रीम आणलं, आणि माझ्या अंदाजाने त्या दिवशी तळलेल्या बट्ट्यांपेक्षा जास्तच खाल्लं गेलं. त्या दिवशी मी ठरवलं की काही पदार्थांची डाएट आवृत्ती काढायची नाही. बट्टी तळायचीच, तूप धारेनेच, पण महिन्यातून एकदा, आणि मोजून, आमच्या पाच जणांच्या चौदा. उरल्या की दुसऱ्या दिवशी चुरून फोडणी देऊन खातात लोक, ती तर अजून भारी लागते, म्हणून उरवायच्याच नाहीत. एअर फ्रायर आता पापड भाजायला आहे, आणि शेंगदाणे.

हे जे मी करतेय ते मला माझ्याच धंद्याच्या भाषेत कळतं. रोजच्यात एक-एक रुपया धरायचा, मग सणाला शंभराची नोट मोडताना हात थरथरत नाही. माझं आधी बरोबर उलटं होतं. सणाला अपराधी वाटायचं आणि रोजच्यात गळती.

बट्टीच्या दुसऱ्या दिवसाबद्दल पण सांगते कारण माझी आधीची सगळी डाएट्स तिथे मेलीयेत. रविवारी बट्ट्या खाल्ल्या की सोमवारी सकाळी काटा दीड किलो जास्त दाखवणार. हमखास. आधी मी हादरायचे, सोमवारी उपाशी, मंगळवारी फक्त फळं, बुधवारी चक्कर आणि गुरुवारी ऑफिसच्या खालच्या गाडीवर दोन वडापाव उभ्याउभ्या. मग कळलं की एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. दीड किलो चरबी चढायला मला रोजच्यापेक्षा साडेअकरा हजार कॅलरी जास्त खायला लागतील, म्हणजे पंगतभर बट्ट्या मी एकटीने संपवायला हव्यात. मी खाणारी आहे, पण इतकी नाही. ते पाणी असतं बहुतेक. पीठ, भात, गोड जास्त झालं की शरीर त्यातलं थोडं ग्लायकोजेन म्हणून साठवतं आणि एक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं, शिवाय जास्तीचं मीठ पण पाणी धरतं, आणि आदल्या दिवशीचं अन्न पोटात असतंच की. बुधवारपर्यंत आपोआप उतरतं, फक्त नेहमीसारखं जेवायचं. हे एवढं एक मला दहा वर्षांपूर्वी कुणी सांगितलं असतं तर किती गुरुवार वाचले असते.

म्हणून काट्यावर रोज उभी राहते पण बघते आठवड्याचं. ६४ ही माझी हद्द. काटा सलग आठवडाभर ६४ च्या वर राहिला की डाएट नाही, फक्त पेटी कॅश बंद. म्हणजे दोन आठवडे चहाबरोबर काही नाही, शेवेचा डबा वरच्या फळीवर, आणि रात्रीचं उरलेलं संपवायची ड्यूटी नवऱ्याकडे. जेवण तेच, रविवारची मिसळ तीच. मागच्या दिवाळीत ६४.८ झालं होतं, चकल्या माझ्या चांगल्या होतात हा माझा दोष, डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात परत ६३.

अमेरिकेत एक नोंदवही आहे, नॅशनल वेट कंट्रोल रजिस्ट्री, १९९४ पासून चालू. किमान १३.६ किलो उतरवून ते निदान एक वर्ष टिकवलेल्या माणसांच्याच नोंदी त्यात घेतात. माझे उतरले बारा, म्हणजे मला त्यांनी १.६ किलोवरून दारातच अडवलं असतं. असो. तर त्यातल्या लोकांनी वजन कमी केलं ते वेगवेगळ्या पद्धतीने, पण टिकवणाऱ्यांच्या सवयी बऱ्याच सारख्या निघाल्या, चारातले तिघे आठवड्यातून एकदा तरी वजन करतात आणि बहुतेक जण रोज तासभर चालण्यासारखं काहीतरी करतात. वाचून मला बरं वाटलं, म्हणजे मी एकटी येडी नाही रोज काट्यावर चढणारी. पण हे सगळ्यांना सोसेल असं नाही हं. माझ्या एका मैत्रिणीला काटा बघितला की दिवसभर रडू येतं, तिने सरळ तो भंगारात दिला आणि जीन्सच्या बटणावर चालवते. तेही चालतं.

चालणं माझं आहेच, कृषीनगरच्या ट्रॅकवर सकाळी पाच किलोमीटर. त्याने वजन उतरतं असं माझं मत नाही, पाच किलोमीटरने माझ्या वजनाला दोनशे-अडीचशे कॅलरी जातात, त्या ट्रॅकच्या बाहेर आल्यावर दोन मिनिटांत परत कमावता येतात, बाहेर पोह्याची गाडी आहे. चालून आल्यावर डोकं थंड राहतं आणि मग शेवेच्या डब्याकडे हात जात नाही, एवढाच फायदा, पण तो मोठा आहे. चाळिशीनंतर झोप उडाली होती ती पण परत आली थोडी.

चार्टप्रमाणे मी अजूनही बसत नाही. आपल्या भारतीयांसाठी बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २३ च्या आत हवा म्हणतात, माझ्या उंचीला ते ५७ च्या आत येतं. डॉक्टरांना विचारलं अजून पाच उतरवू का, ते म्हणाले शुगर नॉर्मल आहे, कंबर कमी झालीये, आहे ते टिकवा, तेच अवघड आहे. मलाही ते पटलं. ५७ साठी मला बट्ट्यांच्या चौदाच्या सात करायला लागतील, आणि तेवढं काही माझं मन होत नाही. कुणाला लढाई हरल्यासारखं वाटेल, वाटू दे.

सासूबाईंचं सांगायचं राहिलं. त्या आता ७६ च्या आहेत आणि किटलीवरच्या खुणा आता त्याच बघतात, माझ्यावर लक्ष ठेवायला. परवा मी गिलक्याची भजी करत होते तर मागून आवाज आला, "दोन खुणा गेल्या गं." म्हटलं आई, भजी आहेत, भज्यांचा हिशोब नसतो. तर म्हणाल्या, "नसतो ना? मग मला चार वाढ."

डिसेंबर उजाडलाय. काल रात्री जळगावहून वहिनीचा फोन. शेतात भरताची वांगी लागलीयेत, तुरीच्या काड्या पण वाळल्यात, या रविवारी भरीत लावतोय, येताय ना. वांगी काड्यांवर भाजून, लाकडी बडगीत मिरच्यांबरोबर ठेचून, कांद्याची पात, तळलेले शेंगदाणे, आणि त्यावर किती तेल ओततात ते मी लिहीत नाही. बरोबर कळण्याची भाकरी, आणि ज्यांना हवी त्यांना पुरी. आईने मागून फोन ओढून घेतला, मला बघून तिला आता सहा महिने झालेत, म्हणाली, "वाळली असशील अजून. वांगी किती भाजू, पाच किलो पुरतील?"
म्हटलं सहा घे, आम्ही पाचही जण येतोय.